‘मूळ रूपात’ विकलेल्या गाडीचा इतिहास

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत जुन्या गाड्यांच्या विक्रीसंबंधी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले, त्यात मॉडिफाय केलेल्या वेगवान जपानी स्पोर्ट्स कारच्या मालकांसाठी एक स्वतंत्र सल्ला होता. विकण्यापूर्वी बाहेरून बसवलेले भाग उतरवावेत, कंपनीचे भाग परत बसवावेत, गाडी ‘मूळ रूपात’ आणावी आणि मगच जाहिरात द्यावी, म्हणजे किंमत चांगली येते, असा त्याचा आशय. किंमत चांगली येते याबद्दल माझा वाद नाही. मात्र या सल्ल्यात एक वाक्य राहून गेले आहे, आणि ते नसल्यामुळे सरळमार्गी विक्रेतासुद्धा फसवणुकीच्या वाटेला लागू शकतो. भाग उतरवता येतात. त्या भागांमुळे इंजिनाने जो ताण सोसला तो उतरवता येत नाही. गाडी कोणत्या रूपात विकायची हे मालकाने ठरवावे. ती आजवर कोणत्या रूपात चालली हे मात्र खरेदीदाराला लेखी सांगितलेच पाहिजे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

हा प्रश्न नेमका याच गाड्यांबाबत इतका बिकट का झाला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जपानी कंपन्यांमध्ये १९८९ च्या सुमारास एक अलिखित समझोता रूढ झाला, की देशांतर्गत विक्रीच्या कोणत्याही गाडीची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक दाखवायची नाही. तो २००४ पर्यंत टिकला. निसानची स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची ए८० सुप्रा, होंडाची एनएसएक्स, माझदाची एफडी आरएक्स-७, मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन, सुबारूची इम्प्रेझा एसटीआय या साऱ्या गाड्या कागदावर याच मर्यादेत राहिल्या. (ए८०, एफडी आणि पुढे येणारी आर३२, आर३३, आर३४ ही त्या त्या गाडीच्या पिढीची सांकेतिक नावे आहेत.) मर्यादा कागदाला होती, इंजिनाच्या घडणीला नव्हती. आर३२ जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाचे २.६ लिटर हे आकारमानच ‘ग्रुप ए’ शर्यतींच्या नियमांत बसेल असे ठरवलेले होते. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या इंजिनाला तेव्हा लागू असलेल्या १.७ च्या गुणकाने गुणले तरी ते ४.५ लिटरच्या वर्गात राहत असे. सुप्राच्या २जेझेड-जीटीई इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकने तर मूळ क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि मूळ पिस्टन ठेवूनही जाहीर ताकदीच्या दुप्पट ताकद सोसल्याची उदाहरणे या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत. इतकी शिल्लक ताकद हाताशी असताना मालकांनी या गाड्यांना हात लावला नसता तरच नवल. एचकेएससारख्या, ताकद वाढवणारे भाग बनवणाऱ्या कंपन्या १९७० च्या दशकापासून नेमके हेच काम करत होत्या, आणि बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवणे, मोठा टर्बो बसवणे, सायलेन्सर बदलणे, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नव्याने ट्यून करणे ही या गाड्यांची नित्याची वाटचाल झाली.

पुढे काळ उलटला. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांच्या अटींविना आयात करता येते. या नियमानुसार १९८९ ची आर३२ जीटी-आर २०१४ मध्ये आणि १९९९ ची आर३४ जीटी-आर २०२४ मध्ये त्या बाजारासाठी खुली झाली. मागणी वाढली, आणि ज्या गाडीला कधीच कोणी हात लावला नाही अशी गाडी सर्वांत मौल्यवान ठरू लागली. एकेकाळी ज्या टर्बोसाठी मालकांनी पदरमोड केली, तोच टर्बो आता किंमत कमी करणारा ठरला. मूळ रूपात आणण्याच्या सल्ल्यामागचे अर्थकारण हे असे आहे, आणि त्यात दडलेली अडचणही हीच आहे. खरेदीदार जास्तीचे पैसे मोजतो ते कंपनीचा सायलेन्सर बसवलेला आहे म्हणून नव्हे. इंजिनाने कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडचा ताण कधी पाहिलेला नाही, या विश्वासापोटी तो ते मोजतो.

आता हा ताण नेमका कुठे साठतो ते पाहू. आर३२ जीटी-आरच्या मूळ दोन टर्बोंमध्ये एक्झॉस्टच्या बाजूचे चाक सिरॅमिकचे आहे. ते हलके असल्यामुळे लवकर फिरू लागते, पण बूस्ट कंपनीने ठरवलेल्या पातळीच्या बराच वर नेला की ते दांड्यापासून सुटण्याचा धोका असतो. एखाद्याने काही वर्षे वाढीव बूस्टवर गाडी चालवली आणि विकताना बूस्ट पुन्हा कमी केला, तर नव्या मालकाच्या हाती जी जोडी पडते ती दिसायला मूळ, कागदावर मूळ आणि आयुष्याच्या शेवटाला आलेली असते. एफडी आरएक्स-७ ची गोष्ट याहून नाजूक आहे. तिच्या १३बी-आरईडब्ल्यू या रोटरी इंजिनात त्रिकोणी रोटरच्या टोकांना जे एपेक्स सील (हवा निसटू न देणाऱ्या पट्ट्या) असतात, त्यांना नॉकिंग (इंधन अवेळी भडकून बसणारा हादरा) मुळीच मानवत नाही; पिस्टनचे इंजिन जिथे एखादा धक्का पचवते तिथे रोटरीचे सील तडकू शकते. साधा कॉम्प्रेशन गेज (इंजिन आतली हवा किती दाबते ते मोजणारे उपकरण) लावला तर तो रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, त्यामुळे एक बाजू निकामी असूनही इंजिन ठणठणीत असल्याचा भास होतो. तिन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे दाखवणारा खास टेस्टर लागतो. अशा गाडीच्या विक्रीपूर्वी तो अहवाल काढून जाहिरातीसोबत देणाऱ्या विक्रेत्याला मी डोळे झाकून प्रामाणिक म्हणेन. कॉम्प्रेशन उत्तम आहे एवढेच तोंडी सांगणाऱ्याला नाही. खरेदीदारानेही गाडी चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर ते बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे, कारण कॉम्प्रेशन घसरलेले रोटरी इंजिन थंड असताना चटकन सुरू होते आणि गरम असताना रडते.

टर्बो नसलेल्या गाड्याही यातून सुटत नाहीत. होंडा एस२००० च्या पहिल्या आवृत्तीचे दोन लिटरचे इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) जाते. वेग वाढवताना ईसीयू मर्यादा पाळायला लावते, परंतु वेगात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि तिथे कोणतीही इलेक्ट्रॉनिक लगाम कामाला येत नाही. व्हॉल्व्हच्या रिटेनरला (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकतीला) गेलेला तडा त्या दिवशी आवाज करत नाही. तो पुढच्या मालकाच्या काळात बोलतो. गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर गेली होती का, हा प्रश्न म्हणूनच कुचेष्टेचा नसून तांत्रिक आहे, आणि विक्रेत्याने त्याचे उत्तर विचारण्यापूर्वीच द्यावे.

शस्त्रक्रियेचा व्रण कपड्याखाली झाकला म्हणून शस्त्रक्रिया झालीच नव्हती असे होत नाही. डॉक्टरला ती सांगावीच लागते, आणि इथे डॉक्टरच्या जागी पुढचा मेकॅनिक आहे. आधी या इंजिनाने किती बूस्ट पाहिला, हेड गॅस्केट कधी बदलले, इंजिन उघडले तर कशासाठी उघडले, हे ठाऊक असलेला मेकॅनिक एका तासात जे ओळखतो, ते ठाऊक नसलेल्याला ओळखायला इंजिन खाली उतरवावे लागते. अशा गाड्यांची इंजिने उघडण्याचे काम करणारा माणूस म्हणून मी हे लिहीत आहे.

यावर कोणी म्हणेल की मग बदल हेच वाईट, ते करूच नयेत. हे मला मान्य नाही. चांगल्या हाताने केलेले कितीतरी बदल गाडीचे आयुष्य वाढवणारे असतात, आणि आपल्या पुरवणीतील सल्ल्याची दुसरी बाजू इथेच लंगडी पडते. आर३२ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचा जो भाग ऑइल पंप फिरवतो तो अरुंद आहे; जास्त आरपीएमवर वापरल्यास तिथे पंप निकामी होण्याचा दोष सर्वज्ञात आहे, आणि रुंद कॉलर व मजबूत पंप बसवणे हा त्यावरचा मान्य उपाय आहे. एफडीच्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि कूलंटमधील हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची छोटी टाकी उष्णतेने ठिसूळ होतात. जाणकार मालक त्या जागी अॅल्युमिनियमच्या बसवतात. आता विक्रीच्या मोहाने हा अॅल्युमिनियमचा रेडिएटर उतरवून माळ्यावर पडलेला तीस वर्षांचा प्लॅस्टिकचा रेडिएटर परत बसवला, तर गाडी अधिक मूळ झाली आणि अधिक धोकादायकही झाली. मूळ भाग डब्यात बांधून गाडीसोबत द्यावेत, आणि कोणता भाग बसवलेला ठेवायचा हे खरेदीदारावर सोडावे. निसानने २०१७ मध्ये आर३२ साठी निस्मो हेरिटेज नावाने जुने भाग पुन्हा बनवायला घेतले आणि टोयोटानेही नंतर जुन्या सुप्रांसाठी तसे केले, त्यामुळे काही सुटे भाग नव्याने मिळू लागले आहेत. तरीही मूळ भागांचा तो डबा हा विक्रीतला मौल्यवान ऐवज आहे, हे विक्रेत्यांना वेगळे सांगायला नको.

सर्वांत अधिक अनर्थ होतो तो अर्धवट परतीमुळे. मोठा टर्बो बसवताना मोठे इंजेक्टर (इंधनाचा फवारा सोडणारे भाग) बसवलेले असतात आणि ईसीयूमधला मॅप (किती इंधन केव्हा द्यायचे याचे कोष्टक) त्या इंजेक्टरांच्या हिशेबाने लिहिलेला असतो. विकताना मालक मोठे इंजेक्टर काढून वेगळे विकतो, कारण त्यांना स्वतंत्र गिऱ्हाईक असते, आणि जुने छोटे इंजेक्टर बसवतो. मॅप मात्र तसाच राहतो. ईसीयू मोठ्या इंजेक्टरच्या हिशेबाने त्यांना थोडाच वेळ उघडते, छोट्या इंजेक्टरमधून तेवढ्या वेळात पुरेसे इंधन जात नाही, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पूर्ण बूस्टवर नॉकिंग सुरू होते. शहरात संथ चालवताना, किंवा विक्रीच्या वेळी घरापासून कोपऱ्यापर्यंत मारलेल्या फेरीत, यातले काहीही जाणवत नाही.

इंधनाचा मुद्दा याला लागूनच येतो. जपानमध्ये ‘हाय-ऑक’ म्हणून मिळणारे पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता) असते आणि तिथल्या या गाड्यांचे मूळ ट्यूनिंगही चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल धरूनच केलेले असते. ट्यूनर त्याहून पुढे जाऊन शर्यतीचे इंधन किंवा ८५ टक्के इथेनॉल असलेले इंधन गृहीत धरून मॅप लिहितात. इथेनॉलच्या या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा खूप जास्त प्रमाणात इंधन लागते. शुद्ध पेट्रोलला हवेचे आदर्श प्रमाण १४.७ ला १ असते, तर त्या मिश्रणाला ते ९.८ ला १ च्या आसपास येते. ज्या गाडीत दोन्ही इंधने ओळखणारा सेन्सर नाही, तिच्यात नव्या मालकाने अजाणतेपणे कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले आणि पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. एका वाक्याची माहिती लपवल्यामुळे इंजिन जाते. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस इंधनाचा प्रकार लिहून ठेवावा असे मी विक्रेत्यांना सांगत असतो. ते हसतात, पण लिहितात.

याच ओघात ईसीयूच्या पासवर्डचाही उल्लेख करतो. अनेक ट्यूनर आपला मॅप कुलूपबंद ठेवतात. ती त्यांची मेहनत आहे, त्यांचा हक्क समजू शकतो. पण गाडी विकताना मॅप कोणी लिहिला, तो उघडता येतो की नाही आणि त्याची प्रत मिळेल की नाही, हे खरेदीदाराला कळलेच पाहिजे. अन्यथा एक सेन्सर बदलायचा झाला तरी त्याला सगळे ट्यूनिंग पहिल्यापासून करून घ्यावे लागते.

ताकदीच्या आकड्यांबद्दल फार लिहीत नाही. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेली ताकद चाकांवरची की क्रँकवरची, कोणत्या प्रकारच्या डायनोवर, किती बूस्टवर आणि कोणत्या इंधनावर, हे न लिहिता दिलेला आकडा म्हणजे निव्वळ बढाई आहे. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये जाणारी ताकद लक्षात घेता चाकांवरचा आणि क्रँकवरचा आकडा सहज दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा येतो. डायनोच्या आलेखाची प्रत जोडावी. आकडा ठळक अक्षरांत छापू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथे नुकसान पैशापुरते राहत नाही. शर्यतीचे स्टीअरिंग बसवताना मूळ स्टीअरिंगमधली एअरबॅग निघते. मग मीटरवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि तो विझवण्यासाठी वायरिंगमध्ये एक रेझिस्टर जोडला जातो, ज्यामुळे एअरबॅग जागेवर आहे अशी गाडीची समजूत होते. विकताना मूळ स्टीअरिंग परत येते, दिवा विझलेलाच असतो, आणि एअरबॅग खरोखर जोडलेली आहे की रेझिस्टरच अजून तिच्या नावाने उत्तर देत आहे, हे अपघात होईपर्यंत कोणालाच कळत नाही. रोल केजचेही (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून बसवलेल्या नळांच्या पिंजऱ्याचेही) तसेच. हेल्मेट आणि पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस वापरणाऱ्यासाठी तो जीव वाचवतो. साधा सीटबेल्ट लावून बसलेल्याच्या डोक्याशेजारी तो लोखंडाचा नळ असतो. केज काढून टाकला तरी जमिनीच्या पत्र्यावर वेल्डिंगच्या खुणा राहतात, आणि त्या गालिच्याखाली झाकून विकलेली गाडी खरेदीदार कुटुंबासाठी घेतो. बदल जाहीर न केल्यास अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, तो भुर्दंडही त्याच्याच माथी येतो.

ओडोमीटर आणि ओळख या दोन गोष्टी राहिल्या. आर३३ आणि आर३४ च्या मालकांनी मूळ मीटर काढून निस्मोचे (निसानच्याच क्रीडा-शाखेचे) ताशी ३२० किलोमीटरपर्यंत वेग दाखवणारे मीटर बसवणे हा लोकप्रिय बदल होता. देशांतर्गत गाड्यांचे मूळ मीटर १८० पर्यंतच होते. नव्या मीटरमधल्या ओडोमीटरची मोजणी शून्यापासून सुरू होते. बदल केला त्या दिवशीचे जुने वाचन कुठेही नोंदवलेले नसेल, तर गाडी खरी किती चालली हे कोणीही सांगू शकत नाही, आणि विक्रेत्याने तसे स्पष्ट लिहावे. जपानी लिलावाच्या पत्रकांत वाचन शंकास्पद असल्यास तशी खूण असते, अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीला ‘आर’ किंवा ‘आरए’ असा वेगळा दर्जा दिला जातो, कोणत्या पत्र्यावर ओरखडा आहे आणि कोणता पत्रा बदलला आहे हे गाडीच्या रेखाचित्रावर अक्षरांनी दाखवलेले असते. ते पत्रक हाताशी असेल तर त्याची मूळ प्रत द्यावी, भाषांतर केलेली आणि सोयीने गाळलेली नव्हे. ओळखीबाबत सांगायचे तर, साध्या स्कायलाइनला जीटी-आरचे रुंद पत्रे, बंपर आणि बिल्ले लावून ती जीटी-आर म्हणून विकण्याचे प्रकार होतात. चेसिसच्या प्लेटवर आर३२ जीटी-आरसाठी बीएनआर३२ आणि आर३४ जीटी-आरसाठी बीएनआर३४ असा संकेत असतो. टर्बोच्या पण जीटी-आर नसलेल्या, मागील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांवर अनुक्रमे एचसीआर३२ आणि ईआर३४ असतो. सुप्रामध्ये टर्बो नसलेल्या २जेझेड-जीई गाडीत टर्बोचे इंजिन बसवलेले आढळते. असे इंजिन बसवण्यात गैर काहीच नाही, काही वेळा ते काम फार सुबक झालेले असते. फक्त ती गाडी कारखान्यातून टर्बो म्हणूनच आली अशी बतावणी करू नये.

संपादक महोदय, आपल्या छोट्या जाहिरातींच्या अर्जात गाडीचे वर्ष, रंग, धाव आणि विमा एवढेच विचारले जाते. त्यात अशा गाड्यांसाठी आणखी चार रकाने घालता येतील का, याचा विचार व्हावा. आजवर कोणते बदल केले आणि त्यांपैकी कोणते परत फिरवले; इंजिन किंवा गिअरबॉक्स कधी उघडला का; सध्याचे ट्यूनिंग कोणत्या इंधनासाठी आहे; आणि मूळ भाग व पावत्या सोबत मिळतील का. ज्याला उत्तर द्यायचे नसेल त्याने रकाना कोरा ठेवावा; कोरा रकानाही खरेदीदाराला पुरेसे सांगतो. प्रामाणिक विक्रेत्याचा यात तोटा आहे असेही मला वाटत नाही. दोन एकसारख्या गाड्या समोर असतील, एकीसोबत पावत्यांची फाइल, कॉम्प्रेशनचा अहवाल, डायनोचा आलेख आणि मूळ भागांचा डबा असेल आणि दुसरीसोबत फक्त ‘एकहाती, उत्तम स्थिती’ असा शेरा असेल, तर या गाड्या ओळखणारा माणूस पहिलीसाठी अधिक पैसे मोजतो, मग तिचा टर्बो कोणत्याही कंपनीचा असो. घाईचा आणि हौशी खरेदीदार दुसरीकडे वळतो हे खरे, आणि आपल्या पुरवणीतला सल्ला नकळत त्याच्याच भरवशावर उभा आहे.

पुरवणीच्या पुढील अंकात त्या सल्ल्याला, गाडी मूळ रूपात आणली असल्यास तसे जाहिरातीत नमूद करावे आणि काढलेल्या भागांची यादी खरेदीदारास द्यावी, ही पुस्ती जोडली जावी अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक